हॅन्डल घट्ट केलं आणि सायकल सरळ जायची थांबली

भटकी_चप्पल

मंडळी, वैतागलोय. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत माझी सायकल शहाण्यासारखी चालत होती. एकच तक्रार होती. पुढचा ब्रेक दाबला की हॅन्डलपाशी कुठेतरी 'टक्' व्हायचं आणि तळहाताला बारीकसा धक्का बसायचा. कुणीतरी म्हणालं, हॅन्डल सैल झालंय, वरचा बोल्ट आवळ. स्टेमचे (हॅन्डल धरणारा तुकडा) बाजूचे दोन बोल्ट सैल केले, वरच्या टोपीचा बोल्ट जीव खाऊन आवळला, बाजूचे परत घट्ट केले. टक् गेलं (म्हणजे जवळजवळ गेलं).

पण त्या दिवसापासून सायकल सरळ जात नाही. एका बाजूला ओढतेय असंही नाही. आधी थोडी डावीकडे जाते, मी सावरतो, मग उजवीकडे जाते, पुन्हा सावरतो. हळू चालवताना तर दारू प्यायल्यासारखी भेलकांडते. पूर्वी मी दोन्ही हात सोडून आरामात चालवायचो, आता एक हात उचलायची हिंमत होत नाही. चाकात हवा बरोबर आहे. मित्राचं पुढचं चाक लावून पाहिलं, तरी तेच. एकाने सांगितलं फ्रेम वाकलीय. खरंच वाकली असेल का?

घंटीवाला

पुढचं चाक चिमट्यात (चाकाला दोन्हीकडून धरणारा फोर्क) नीट बसलंय ना? एका बाजूला अर्धवट अडकलेलं चाक मी स्वतः आठवडाभर चालवलंय आणि दोष रस्त्याला दिलाय. आणखी एक, हॅन्डल वळवताना एखादी केबल ताणली जातेय का बघा. केबल आखूड पडली की ती हॅन्डलला आपल्याकडे खेचून धरते.

तिरकी_मान

चिमटा वाकलाय. माझाही असाच झाला होता. बदलून टाका, विषय संपला.

भटकी_चप्पल

चाक नीट बसलंय. केबल सैल आहेत, दोन्हीकडे पूर्ण वळतं. चिमटा लांबून बघितला, मला तरी सरळ दिसतो. सायकल पडलेली नाही, कुठे धडकलेली नाही.

जुना_पाना

थांबा, काही विकत घेऊ नका. पडली नाही, धडकली नाही, पाना लावला त्याच दिवशी बिघडली. मग चिमट्याला कशाला बदनाम करायचं? संशय पान्यावर घ्या.

एक करून बघा. सायकलच्या वरच्या दांडीला धरून पुढचं चाक वीतभर उचला आणि सायकल किंचित एका बाजूला कलती करा. हॅन्डल आपल्या वजनानेच त्या बाजूला पडलं पाहिजे. मग हॅन्डल हाताने थोडंसं डावीकडे नेऊन सोडा. काय होतं ते इथे लिहा.

भटकी_चप्पल

करून पाहिलं. कलती केली तरी हॅन्डल ढिम्म हललं नाही. डावीकडे वळवून सोडलं तर तिथेच राहिलं, दार अर्धवट उघडं ठेवावं तसं. हाताने फिरवताना खरखर नाही, फक्त जड लागतं. पूर्वी असं होतं का आठवत नाही, कधी पाहिलंच नव्हतं.

जुना_पाना

सापडलं. हॅन्डल सैल नाही, नको इतकं घट्ट झालंय. तुमचा चिमटा फ्रेमच्या मानेत, म्हणजे पुढच्या आखूड नळीत, वर-खाली दोन बेअरिंगवर फिरतो. ती बेअरिंग तुम्ही चिरडून ठेवली आहेत.

वरच्या टोपीबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. तो बोल्ट काही धरून ठेवत नाही. चिमट्याची नळी मानेतून वर येते आणि तिच्या आत ताऱ्याच्या आकाराचा एक नट ठोकलेला असतो. टोपीचा बोल्ट त्या नटाला वर ओढतो आणि स्टेमला खाली ढकलतो. या ओढाताणीत बेअरिंगवर दाब येतो. एवढंच त्याचं काम. चिमटा धरून ठेवतात ते स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट. ते आवळल्यावर टोपी पूर्ण काढून ठेवली तरी चिमटा खाली पडणार नाही. (म्हणून तशी चालवायला जाऊ नका.) टोपीच्या बोल्टला लागणारा जोर अगदी थोडा असतो, ॲलन की दोन बोटांत धरून फिरवण्याइतका. जीव खायचा तो बोल्ट नव्हेच.

आता उपाय. सायकल जमिनीवरच राहू द्या, उचलू नका. बाजूचे बोल्ट सैल असताना उचललीत तर चिमटा खाली सरकेल. आधी बाजूचे दोन्ही बोल्ट सैल करा. मग टोपीचा बोल्ट एक फेरा उलटा फिरवा आणि हॅन्डल दोन्हीकडे दोन-चार वेळा वळवा, म्हणजे दबलेलं बेअरिंग मोकळं होईल. मग टोपी थोडी थोडी आवळत जा, एका वेळी फार तर अष्टमांश फेरा. प्रत्येक वेळी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवून बघा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, संपला की तिथे थांबा. पुढे एक इंचही नको. चाक आणि हॅन्डल एका रेषेत आणा आणि बाजूचे बोल्ट आळीपाळीने आवळा, एक पूर्ण आणि मग दुसरा असं नको. किती आवळायचे ते स्टेमवरच छापलेलं असतं, बहुतेकांवर ५ किंवा ६ न्यूटन मीटर. नंतर चाक उचलून पुन्हा तीच कलती करायची परीक्षा.

चिमट्याची नळी कार्बनची असेल तर आत ठोकलेला नट नसतो, फुगणारा प्लग असतो. तिथे हात आणखी हलका ठेवा.

तिरकी_मान

घट्ट हॅन्डलने सायकल भेलकांडेल हे पटत नाही. घट्ट असेल तर उलट सरळ राहायला पाहिजे ना? सैल हॅन्डल लटपटतं.

लंबक

सगळ्यांना असंच वाटतं, आणि म्हणूनच सगळे आवळत बसतात.

सायकल सरळ जाते तेव्हा ती खरं तर सतत पडत असते. किंचित डावीकडे कलली की पुढचं चाक डावीकडे वळतं, चाकं पुन्हा वजनाखाली येतात आणि कल सुधारतो. हे दर सेकंदाला होत असतं आणि वळण इतकं बारीक असतं की चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. बरंचसं काम सायकल स्वतःच करते. मानेची तिरपी रेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या पुढे टेकते. या अंतराला ट्रेल म्हणतात. चाकाची त्रिज्या ३४० मिमी, मानेचा कोन ७२ अंश आणि चिमट्याचा पुढचा झुकाव ४५ मिमी धरला तर ट्रेल साधारण ६३ मिमी येतो. ट्रेलमुळे चाक कलाच्या बाजूला आपोआप वळतं. वजनाची मांडणी आणि चाकाचं फिरणंही त्याला हातभार लावतात.

आता बेअरिंग आवळून त्यात घर्षण भरा. बारीक वळणांना लागणारा जोरही बारीक असतो, तो त्या घर्षणातच मरतो. कल वाढत जातो, मग तुमच्या लक्षात येतं आणि तुम्ही हाताने सावरता. तेही उशिरा आणि जरुरीपेक्षा जास्त, कारण अडकलेलं हॅन्डल हलवायला जोर द्यावा लागतो आणि एकदा सुटलं की ते पुढेच जातं. मग दुसऱ्या बाजूला तेच. भटकी_चप्पल यांचं डावीकडे-उजवीकडे ते हेच. हॅन्डल पूर्ण जाम असलेली सायकल तर कसलेल्या माणसालाही चालवता येत नाही.

अवांतर: फिरत्या चाकाच्या जोरावरच सायकल उभी राहते असं बऱ्याच जणांना शिकवलेलं असतं. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश माणसाने १९७० मध्ये एक लेख लिहिला. त्याने पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारं दुसरं चाक लावून तो परिणाम रद्द केला होता, तरी त्याला सायकल चालवता आली. २०११ मध्ये डच आणि अमेरिकी संशोधकांनी असा सांगाडा बनवला की ज्यात चाकांचा तो परिणामही नव्हता आणि ट्रेलही किंचित उलटा होता, तरी ढकलून दिला की तो स्वतःचा स्वतः सावरत जायचा. म्हणजे कारणं कितीही असोत, पडायच्या बाजूला वळणं मात्र चुकत नाही. आणि वळायला मान मोकळी लागते.

तिरकी_मान

बरं, चिमटा मागे घेतो. म्हणजे माझं मत. पण मी स्वतः नवीन चिमटा टाकला तेव्हा दोष गेला होता, ते कसं?

जुना_पाना

नवीन चिमटा बसवताना बेअरिंग नव्याने लावावंच लागलं असणार.

तिरकी_मान

...

भटकी_चप्पल

पहिला प्रयत्न फसला. टोपीचा बोल्ट दोन फेरे सैल केला, काही फरक नाही. हॅन्डल तसंच जड.

घंटीवाला

बाजूचे बोल्ट?

भटकी_चप्पल

नाही केले. :( घाईत जुना_पाना यांची दुसरी ओळ वाचलीच नव्हती.

परत केलं, नीट क्रमाने. बाजूचे सैल करताच स्टेम केसभर वर आल्यासारखा वाटला आणि हॅन्डल असं मोकळं झालं की चाक उचलून कलती केल्यावर धप्पकन खाली पडलं. रस्त्यावर काढली. पन्नास मीटरमध्ये कळलं, माझी जुनी सायकल परत आली. हात सोडले, सरळ गेली. मी एकटाच मोठ्याने हसलो.

पण टक् परत आलं. अष्टमांश फेरा आवळला, टक् तसंच. आणखी अष्टमांश, टक् तसंच आणि हॅन्डल पुन्हा जड. म्हणजे इकडे आड आणि तिकडे विहीर. टक् घालवायचं तर सायकल भेलकांडते, सायकल सरळ हवी तर टक् सहन करायचं. मधली जागाच नाही का?

जुना_पाना

मधली जागा नसेल तर टक् तिथलं नाहीच. मी आधीच विचारायला हवं होतं.

ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवताना दुसऱ्या हाताचं बोट मानेच्या खालच्या फटीवर ठेवा, जिथे चिमट्याचा माथा आणि खालची वाटी भेटते. अर्धं बोट चिमट्यावर, अर्धं वाटीवर. बेअरिंगमध्ये प्ले असेल तर बोटाला तो स्पष्ट कळतो. मग चाक नव्वद अंशात आडवं वळवा, ब्रेक सोडा आणि सायकल पुढे-मागे ढकलून बघा. तेव्हाही टक् झालं तर मान किंवा चाकाचा हब (मधला भाग). फक्त ब्रेक दाबल्यावरच होत असेल तर ब्रेककडे बघा. तुमचा ब्रेक रिमवर आवळणारा आहे की डिस्क?

भटकी_चप्पल

रिमवर आवळणारा, चिमट्याच्या माथ्यावर एका बोल्टने बसवलेला.

बोट ठेवलं. काहीच हलत नाही. चाक आडवं करून ढकललं, काही नाही. ब्रेक दाबला की टक्. आणि आता वाकून बघतो तर अख्खा ब्रेक चिमट्यावर पुढे-मागे डुगडुगतोय!!! मागचा नट सैल झालाय. पाच नंबरची ॲलन की लावली, पाऊण फेरा फिरली. ब्रेकचे दोन्ही रबर रिमपासून सारख्या अंतरावर येतील असा हाताने मधोमध धरून आवळला.

टक् गेलं. हॅन्डल मोकळं आहे. म्हणजे हॅन्डल सैल नव्हतंच कधी. पंधरा दिवस मी निरोगी मानेला कॉलर बांधून फिरत होतो.

घंटीवाला

आणि फ्रेम वाकली म्हणणाऱ्याला काय सांगितलंत?

भटकी_चप्पल

अजून भेटलो नाही. तयारी करतोय.

जुना_पाना

त्या ब्रेकच्या नटाला हलक्यात घेऊ नका. तो निघाला तर ब्रेक चाकात जातो. आठवड्याने पुन्हा पाना लावून बघा. मानेलाही दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा, नव्याने लावलेली बेअरिंग थोडी बसतात. डिस्कवाल्यांसाठीही लिहून ठेवतो. ब्रेकपॅड आपल्या खोबणीत थोडे हलतात, त्यामुळे ब्रेक दाबून हलवलं की बारीक टक् येतंच. ते ऐकून मान आवळणारे मी डझनावारी पाहिलेत.

सावली

धागा वाचून माझी जुनी सायकल कलती करून पाहिली. हॅन्डल मोकळं फिरतं, पण बरोबर मधोमध आलं की खाचेत बसल्यासारखं अडकतं. तिथून काढायला किंचित जोर लागतो, मग पुन्हा मोकळं. टोपी-बिपी काही नाही, मानेवर दोन मोठे चपटे नट आहेत. यालाही सैल करू का?

जुना_पाना

सैल करून खाच लपेल, जाणार नाही. तुमच्या बेअरिंगच्या वाटीत छऱ्यांचे खड्डे पडलेत. लोक म्हणतात रस्त्यावरच्या खड्ड्यांच्या दणक्यांनी पडतात. माझ्या मते दणक्यापेक्षा कोरडेपणा जास्त जबाबदार. सरळ चालवताना मानेतले छरे फिरत नाहीत, एकाच जागी थरथरत राहतात. त्या जागेवरचं ग्रीस बाजूला सरतं, लोखंडाला लोखंड घासतं आणि हळूहळू खळगा होतो. खाच मधोमधच का, याचंही उत्तर त्यातच आहे. बहुतेक वेळ हॅन्डल मधोमधच असतं.

खरा उपाय वाट्या आणि छरे बदलणं. तोवर जुगाड चालेल. पिंजऱ्यातले (छरे धरून ठेवणारी पत्र्याची कडी) छरे काढून त्याच मापाचे सुटे छरे भरा. पिंजऱ्याची जागा वाचते म्हणून ते जास्त मावतात, आणि संख्या बदलली की सगळे एकाच वेळी जुन्या खळग्यांत बसत नाहीत. वाटी भरून घ्या आणि एक छरा कमी ठेवा, नाहीतर एकमेकांना घासतील. ग्रीस भरपूर लावा, छरे त्यालाच चिकटून राहतात. उघडताना खाली जुनं फडकं अंथरा. एक छरा पलंगाखाली गेला की संध्याकाळ गेली.

पिंजरेच परत घालणार असाल तर उलटे घालू नका. छऱ्यांनी वाटीला टेकायचं, पिंजऱ्याच्या पत्र्याने नाही. उलटा बसला की कितीही सैल-घट्ट करा, खरखर जात नाही. काढायच्या आधी फोटो काढून ठेवलेला बरा.

बंद करताना: खालचा आट्यांचा नट हाताने आवळत न्या, प्ले संपेपर्यंत. मग खाचेचा वायसर, आणि वर चेकनट. चेकनट आवळला की तो खालच्या नटाला आट्यांमध्ये थोडा खाली दाबतो, म्हणजे तुम्ही लावलेलं आणखी घट्ट होतं. म्हणून खालचा नट आधीच केसभर सैल ठेवायचा. किती, ते दोन-तीनदा चुकल्यावर हाताला कळतं. दोन पाने लागतील, एकाने खालचा धरायचा आणि दुसऱ्याने चेकनट आवळायचा. बऱ्याच जुन्या मानांना ३२ मिमीचा पाना बसतो. पक्कडीने करू नका, नटाचे कोपरे खाल.

सावली

उघडलं. खालच्या वाटीत मोत्यांच्या माळेसारखे खड्डे, मोजून घ्या असे. ग्रीसच्या जागी तांबडी पूड. वाट्या बदलायला घेते.

चिऊची_आई

जरा वेगळा प्रश्न, पण हॅन्डलचाच आहे. मुलीची सायकल खोक्यातून आली, घरी आम्हीच जोडली. हॅन्डल मोकळं आहे, कलतं करून पाहिलं. पण ती वळायला गेली की हॅन्डल एकदम एका बाजूला कोसळतं, आणि तिच्या बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. ती म्हणते सायकल वेडी आहे. दोनदा पडली.

लंबक

पुढचा ब्रेक चिमट्याच्या पुढच्या बाजूला आहे की मागच्या?

चिऊची_आई

मागच्या. तिच्या बाजूला.

लंबक

मग चिमटा उलटा बसलाय. खोक्यातून आलेल्या सायकलींत फार वेळा होतं, कारण वाहतुकीसाठी चिमटा मागे फिरवून ठेवलेला असतो आणि हॅन्डल त्यावर तसंच बसवलं जातं. वरचा माझा हिशेब घ्या. ४५ मिमी झुकाव वजा व्हायचा तो मिळवला जातो आणि ट्रेल ६३ चा एकदम १५८ मिमी होतो. मुलीच्या सायकलीचे आकडे वेगळे असतील, पण दिशा तीच. ट्रेल एवढा वाढला की हळू वळताना चाक कोसळतं. आणि चाक मागे आल्यामुळे पाय लागतो.

जुना_पाना

लहान सायकलींना बहुतेक हॅन्डलच्या मधोमध वरून एकच लांब बोल्ट असतो, खाली नळीत त्याची पाचर. तो बोल्ट दोन-तीन फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. हॅन्डल हललं नाही तर बोल्टच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक ठोका द्या, पाचर सुटेल. मग चाक गुडघ्यांत धरा आणि हॅन्डल अर्धा फेरा फिरवा, म्हणजे ब्रेक पुढे येईल आणि चिमट्याची टोकं पुढे झुकलेली दिसतील. ब्रेकची केबल मानेभोवती गुंडाळली जाणार नाही अशा बाजूने फिरवा. सरळ रेषेत आणा, बोल्ट आवळा. शेवटी चाक गुडघ्यांत दाबून हॅन्डल जोर लावून पिळून बघा. सरकता कामा नये.

स्टेमच्या नळीवर एक रेघ कोरलेली असते. तेवढी नळी आत असलीच पाहिजे. रेघ बाहेर दिसत असेल तर हॅन्डल खाली घ्या, मुलगी उंच झाली असली तरी.

चिऊची_आई

झालं. हातोडीचा ठोका लागला. ब्रेक पुढे आला, केबल मोकळी आहे. हॅन्डल पिळून पाहिलं, सरकत नाही. आता चाकाला पाय लागत नाही. ती खाली सात फेऱ्या मारून आली आणि विचारतेय की आधी कोणी उलटी लावली होती. तिच्या बाबांनी विषय बदलला.

रेघ दिसत नाही. म्हणजे आत आहे ना?

जुना_पाना

आत आहे. चालवू द्या.